थेंब न सांडणारी गाडी

आकाराम मिस्त्रीचं आडनाव मला त्याच्या श्रद्धांजलीच्या फलकावर वाचून कळलं. एकतीस वर्षं मी शाहूपुरीतल्या एका दुकानात ट्रकचे सुटे भाग विकत होतो आणि एकतीस वर्षं तो माझ्याकडून वायसर, किट, पाइप घेऊन जात होता. पावतीवर मी 'आकाराम मिस्त्री, मार्केट यार्ड' एवढंच लिहायचो. काम सुटल्यावर दोन-अडीच वर्षं मी मंगळवार पेठेतून रोज त्याच्या गॅरेजात जाऊन बाकावर बसत होतो. तरी तो मूळचा कुठला, भावंडं किती, यातलं काहीच मी विचारलं नाही. मला असं विचारायला जमत नाही. त्यानंही मला कधी विचारलं नाही, म्हणूनच बहुतेक आमचं जमलं.

दहाव्याला त्याच्या बायकोनं, शालूबाईंनी, मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "आप्पा, शेवटच्या आठवड्यात ह्यांचं काय बिनसलंतं? धड जेवत न्हवतं, धड बोलत न्हवतं. तुमी तर रोज बरोबर हुतासा."

मी मान खाली घालून म्हणालो, "काय न्हाय वो वैनी."

ते खोटं होतं. समोरासमोर सांगणं माझ्यानं होणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. त्यांना कुणीतरी वाचून दाखवेल. मला पावत्या सोडून काही लिहायची सवय नाही. शिवाय मी आयुष्यभर भाग विकले, एकही स्वतः बसवला नाही. तेव्हा यंत्रातलं काही चुकलं तर ती चूक माझी, त्याची नव्हे.

तो क्लच आणि ब्रेकचा मिस्त्री. इंजिनाला हात लावत नसे. अंगानं बारीक, उजवा खांदा खाली आलेला, दाढेत कायम एक लवंग. काम झालं की चॅसीच्या आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पंचानं तीन ठिपके मारायचा. 'झालं' हा शब्द त्याच्या तोंडी नव्हता. 'बगा चालवून' म्हणायचा. गाडी बाहेर पडली की हात पुसत रस्त्याच्या कडेला उभा राहायचा आणि ती दिसेनाशी झाली तरी कान देऊन ऐकत असायचा. दुसरा पडला, तिसरा पडला, चौथा पडला. चौथा गेअर पडलेला ऐकू आला की आत यायचा. मला वाटायचं, माणसाला कामाची आवड आहे.

गॅरेजच्या दाराला पत्र्याची एक पाटी होती : 'गाडी धुऊनच आणावी.' आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांत मिस्त्रीकडं चिखलाची गाडी नेणं म्हणजे पाव्हण्याच्या घरी पाय न धुता आत शिरणं. आकारामनं ते लिहूनच टाकलं होतं. न धुतलेली गाडी तो दारातून परत पाठवायचा.

गेल्या चैत्रात, एका सकाळी, एक सहाचाकी गाडी आली. जुनी होती, पण रंग नवा. नंबर कर्नाटकचा. नुकतीच धुतलेली, पाणी अजून निथळत होतं. ड्रायव्हर खाली उतरला. पोट सुटलेला, पंचेचाळिशीचा, ज्ञानू नावाचा.

"मिस्त्री, गाडी तेल पितीया, पण मुतत न्हाय," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हंजे क्लचच्या तेलाची डबी गळ्यापत्तोर भरली तरी दोन दिसांत रिकामी. आन् खाली थेंब न्हाय. दोन मिस्त्री झालं. एकानं वरचा मास्टर सिलिंडर बदलला, एकानं खालचा सिलिंडर. मालक आमचं उदयसिंह, ते म्हणत्यात, ज्ञानू, तूच पितोस काय? मी म्हटलं, मालक, मी पितो ते येगळं असतंय."

मी हसलो. आकाराम हसला नाही.

"थेंब न्हाय?" त्यानं विचारलं.

"आईची आन."

"गाडी कुठं जाती?"

"गूळ भरून कोकणात. करूळ घाटानं खाली. येताना चिरा."

आकारामनं हातातलं फडकं खुंटीला अडकवलं. "मी घेत न्हाय. दुसरीकडं न्या, पावणं."

धुतलेली गाडी त्यानं नाकारलेली मी कधी पाहिली नव्हती. ज्ञानूला वाटलं, दर वाढवायला करतोय. पण मग त्याचा आवाज खाली आला.

"मिस्त्री, आजून एक हाय. तेवढं ऐका, मग हाकला. दुपारचं बाराला झाडाखाली गाडी लावून मी डबा खात बसतो. आत कोण न्हाय. आन् पेडल आपसूक खाली जातंय. मग फुस्स करून हवा सुटती. जनू कुनी क्लच दाबला आन् सोडला. मालकाला सांगितलं तर म्हणत्यात, लिंबू बांध. चार आमुश्या लिंबू बांधतोय. लिंबू वाळत्यात, तेल वाळायचं काय थांबत न्हाय."

आकाराम केबिनमध्ये चढला. सीटवर बसला नाही, वाकून पेडलाकडं बघत राहिला.

"ह्याचं रबर कधी बदललंस?"

"गणपतीत. नवंच हाय."

"डावा पाय वाकडा टाकतोस काय?"

"न्हाय वो. का?"

मीही डोकावून पाहिलं. रबराचा डावा, खालचा कोपरा तेवढा झिजून आतलं लोखंड दिसत होतं. बाकी रबर कोरं. आकारामनं त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि पुष्कळ वेळ तसाच ठेवला. मग खाली उतरून म्हणाला, "ठेव गाडी."

त्या दिवशी त्यानं डबी काठोकाठ भरली, तेलाच्या रेषेवर बाहेरून काळा दोरा बांधला. गाडीच्या खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत जुनी वर्तमानपत्रं अंथरली. मग इंजिन चालू करून ज्ञानूला बसवलं आणि शंभर वेळा क्लच दाबायला, सोडायला लावला. ज्ञानू मोठ्यानं आकडे मोजत होता. साठाच्या पुढं त्याचं मोजणं आपोआप हळू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल दोऱ्याच्या दोन बोटं खाली होतं. वर्तमानपत्रं कोरडी. केबिनमधली चटई उचलली, पेडलाच्या मागची पत्र्याची भिंत चाचपली, तीही कोरडी. खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण मागं सरकवून आत बोट घातलं. कोरडं. आकाराम प्रत्येक वेळी बोट नाकाशी नेई आणि मान हलवी. ज्ञानू मालकाकडं गेला होता. गॅरेजात आम्ही दोघंच.

बारा वाजले असतील. यार्डातले हमाल जेवायला गेले होते, रस्त्यावर कुणी नव्हतं. मी बाकावर, तो उलट्या केलेल्या डब्यावर. केबिनचं दार उघडं होतं आणि तिथून तीन पेडलं सरळ दिसत होती. इंजिन सकाळपासून बंद.

पेडल खाली गेलं.

एकदम नाही. कुणी पाय ठेवून अंदाज घेत दाबावं तसं. तळाला जाऊन थांबलं. गाडीच्या पोटातून दमलेल्या माणसानं सोडावा तसा एक लांब सुस्कारा आला. मग पेडल हळूहळू वर आलं.

मी आकारामकडं पाहिलं. त्याचं लवंग चावणं थांबलं होतं. तो म्हणाला, "आप्पा, बॅटरी घ्या आन् माझ्याबरोबर खाली या."

सत्तरीनंतर गाडीखाली सरपटणं मला कठीण गेलं, पण वर एकटं थांबण्यापेक्षा ते बरं होतं. मी उजेड धरला. चॅसीच्या आतल्या अंगाला त्यानं पटाशीनं रंग खरवडायला घेतला. आधी निळा निघाला, त्याखाली लाल, त्याखाली पिवळा. पिवळ्याखाली तीन ठिपके होते.

"तुमचंच," मी म्हणालो. "मग जुनं गिऱ्हाइक हाय की."

 पुढं सरकून त्यानं चॅसीवर ठोकलेला नंबर फडक्यानं पुसला. शेवटचे चार आकडे उघडे व्हायच्या आधीच त्यानं ते तोंडानं म्हटले. पुसल्यावर तेच निघाले.

तिथंच, गाडीखाली पाठीवर पडून, त्यानं मला सांगितलं. एवढं सलग तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. चौदा वर्षांपूर्वी गुंडू नावाचा एक ड्रायव्हर ही गाडी घेऊन आला होता. तेव्हा हिचा नंबर कोल्हापूरचा होता, केबिन दुसरी होती. तक्रार हीच. तेल जातंय, थेंब पडत नाही. गुंडू गाडी धुऊन, हार घालून घेऊन आलेला. आकारामनं खाली कागद अंथरले, कोरडे निघाले. त्यानं मास्टर सिलिंडरचं रबरी किट बदललं, डबी भरली आणि 'बगा चालवून' म्हणाला. तिसऱ्या दिवशी करूळ घाटात गाडी कठड्यावरून खाली गेली. गुंडू गेला. पोलिसांच्या कागदावर आलं, ब्रेक तापले. मग भंगारात विकलेली गाडी कुणीतरी सीमेपलीकडं नेऊन नवी केबिन चढवली असणार, कारण चॅसी सरळ राहिली होती.

"ब्रेक तापलं म्हणाले," तो म्हणाला. "पण ब्रेक कशानं तापलं? उतारावर चौथ्यातनं तिसरा टाकायला क्लच दाबला आन् पेडल रिकामं गेलं, तर माणूस मधीच अडकतंय. चौथा सुटलेला, तिसरा पडत न्हाय. मग एवढी वझ्याची गाडी नुसत्या ब्रेकवर. असं झालं काय न्हाय झालं, चौदा वर्सं मला म्हाइत न्हाय. गुंडूचा डावा पाय लहानपणी मोडलेला. वाकडा पडायचा पेडलावर."

मी बॅटरी धरून होतो. 

"आता दोष घावला तर त्यो तवाबी हुता आन् मला दिसला न्हाय, म्हंजे मीच घातला त्याला दरीत. आन् न्हाय घावला तर हा ज्ञानू जातोय त्याच घाटात."

"ते मास्टरचं किट मीच दिलंतं न्हवं?" मी विचारलं.

"किट चांगलं हुतं तुमचं," तो म्हणाला. "चुकीच्या जागी घातलं मी."

त्या दुपारी तो जेवायला घरी गेला नाही. वैनी, त्याचं जेवण सुटलं तो हा पहिला दिवस.

तिसऱ्या दिवशी ज्ञानू आला आणि सवयीनं पाण्याची नळी लावून गाडी धुवायला लागला. आकाराम आतून बघत होता. एकाएकी तो धावत बाहेर आला आणि त्यानं नळी ज्ञानूच्या हातातून ओढून घेतली.

"धुऊ नको."

"का वो? पाटी तर तुमचीच हाय."

"धुऊ नको म्हटलं न्हवं."

मग त्यानं मला समजावून सांगितलं ते मी मला समजलं तसं लिहितो. इंजिनाचं तेल पाण्यानं जात नाही, डाग राहतो. पण क्लचमध्ये ब्रेकचं तेल असतं आणि ते पाण्यात मिसळतं. पाणी मारलं की सगळं निघून जातं, मागमूस राहत नाही. ही गाडी ज्या ज्या मिस्त्रीकडं गेली तिथं धुऊन गेली. त्याच्याकडं तर दोन्ही वेळा. चौदा वर्षांपूर्वी गुंडूनंही ती पाटी वाचूनच गाडी धुतली होती. दोष कुठं आहे ते सांगणारी एकच गोष्ट गाडीवर होती आणि ती आकारामच्या हुकमानं धुऊन काढलेली होती.

हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. पाटीकडं त्यानं पाहिलंही नाही.

ज्ञानूला त्या दिवशी सुताच्या गाठी घेऊन इचलकरंजीला जायचं होतं. सपाट रस्ता. आकाराम त्याच्याबरोबर निघाला आणि मलाही चढवलं. मुख्य रस्ता सोडून त्यानं मुद्दाम मातीच्या वाटेनं गाडी घ्यायला लावली. धुरळा एवढा की काचेतून बैल दिसायच्या आधी त्याची घंटा ऐकू यायची. मी मध्ये बसलो होतो. ज्ञानू पाय उचलायचा आणि माझ्या खालून तो सुस्कारा यायचा. प्रत्येक वेळी केबिनमध्ये एक गोडसर, उग्र वास तरंगायचा आणि जायचा. एकतीस वर्षं ज्या वासात मी काढली तो, ब्रेकच्या तेलाचा. पण डब्यातून येतो तसा नाही. कुणीतरी जवळ येऊन श्वास सोडावा तसा.

"आप्पा, वास येतोय का?" आकारामनं विचारलं.

"येतोय."

"मला वाटलं मलाच येतोय," ज्ञानू म्हणाला. "चार म्हयनं मी बायकोला म्हणतोय, माझ्या कापडाला वास येतोय. ती म्हणती, दुसरीकडं जातासा व्हय?"

परत आलो तेव्हा गाडीचा वरून खालपर्यंत एकच रंग झाला होता, मातीचा. आकाराम थेट खाली गेला. मीही गेलो. सगळीकडं कोरडी धूळ, हात लावला की उडणारी. फक्त एका ठिकाणी, बुस्टरच्या वर, चॅसीच्या आतल्या बाजूला, धूळ ओली होऊन चिकटली होती. काळपट, पंजाएवढा डाग. बोटं पसरून हात टेकवावा तसा त्याचा आकार होता. मी तसं बोललो नाही, पण आकारामनं त्यावर आपला हात धरून बघितला हे मी पाहिलं. डागाखालचा रंग फुगून सुटला होता, ब्रेकच्या तेलानं सुटतो तसा. त्यानं ओलं बोट त्यावर फिरवलं, तर डाग पाण्यात मिसळून वाहिला. तवंग आला नाही.

"हेच," तो म्हणाला.

बुस्टर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पेडल दाबलं की तेल पाइपातून खाली जातं, पण जड गाडीचा क्लच तेवढ्यानं सुटत नाही. म्हणून मध्ये बुस्टर असतो. तेलाचा दाब आला की त्यात टाकीतली हवा शिरते आणि क्लच ढकलते. पाय उचलला की ती हवा बाहेर सुटते, तोच तो फुस्स आवाज. आत तेल आणि हवा यांच्यामध्ये एक रबरी वायसर असतं. ते कापलं गेलं की तेल हवेच्या घरात उतरतं आणि दर वेळी हवेबरोबर धुकं होऊन उडून जातं. थेंब पडणारच नसतो. तो खाली कागदावर शोधून मिळणार नव्हता.

चौथ्या दिवशी त्यानं बुस्टर उतरवून उघडला. हवेच्या घरातून अर्धी वाटी तेल निघालं. वायसरची कड फाटली होती. आतली भिंत गंजून तिला बारीक खड्डे पडले होते, जुने, गुळगुळीत झालेले. नखानं चाचपून तो म्हणाला, "हे आजचं न्हाय. ह्यात कुनी नवं वायसर घातलं तर चार म्हयनं चालंल, मग परत कापंल. हे तवाबी हुतं."

त्याला उत्तर मिळालं होतं. तो खाली बसला. मी पाणी आणलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

नुसतं किट घालून चालणार नव्हतं. अख्खा बुस्टरच नवा घालायचा ठरला. मी स्वतः शाहूपुरीत माझ्या जुन्या दुकानात गेलो, डब्यावरचा नंबर तीन वेळा वाचला आणि रिक्षानं घेऊन आलो. त्यानं तो बसवला, पाइप ताज्या तेलानं धुतले. शेवटी पाइपातली हवा काढायची होती. त्याला एक माणूस पेडलावर लागतो. ज्ञानू नव्हता. आकाराम म्हणाला, "आप्पा, चढा."

मी उभ्या जन्मात ट्रकच्या पेडलावर पाय ठेवला नव्हता. झिजलेला कोपरा चपलेखाली जाणवला. खालून त्याचा आवाज आला, "दाबा." मी दाबलं. पाय तळापर्यंत रिकामा गेला, विहिरीत गेल्यासारखा. "धरा." खाली त्यानं हवा सोडायचं निपल सैल केलं, बुडबुडे फसफसले. "सोडा." असं किती वेळा झालं कोण जाणे. दाबा, धरा, सोडा. मग एकदा मी दाबलं आणि पायाला खालून कुणीतरी उलटा जोर लावला. मी दचकून पाय काढला.

"काय झालं?"

"कुणीतरी ढकलतंय, मिस्त्री."

"तेल भरलं," तो खालून म्हणाला. "असंच ढकलाय पायजे."

तीन दिवस गाडी उभी राहिली, फिरली, परत उभी राहिली. न धुता. तेल दोऱ्यावरून हललं नाही. त्या तिन्ही दुपारी आम्ही बारा वाजता तिच्यासमोर बसलो. पेडल जागचं हललं नाही. मी म्हणालो, आता सगळ्याचा उलगडा झाला. त्यानं मान हलवली. "हवा सुटायची ते कळलं. वास कळला. बंद गाडीचं पेडल खाली का जायचं ते मला कळलं न्हाय. आन् रबर त्याच कोपऱ्याला का झिजलं तेबी न्हाय."

आठव्या दिवशी ज्ञानू गूळ भरून कोकणात निघाला. आकाराम म्हणाला, आम्हाला वाटेत सोड. गुंडूचं गाव घाटाच्या अलीकडं त्याच रस्त्यावर आहे. मला त्यानं 'येता का' म्हणून विचारलं नाही, नुसतं माझ्यासाठी दार उघडं धरलं. गावाच्या फाट्यावर आम्ही उतरलो आणि गाडी चढाला लागली. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. तिसरा पडल्यावर त्यानं डोळे मिटले.

गुंडूची बायको बाळाबाई दारात नाचणी पाखडत होती. वय पंचावन्नच्या पुढं, हात मोठे. तिनं पाणी दिलं. कोण, कुठलं, विचारलं. आकारामनं नाव सांगितलं तर तिला ते माहीत नव्हतं. तो बोलायला सुरुवात कशी करावी याच्या विचारात असताना तीच रस्त्याकडं बघत म्हणाली, "आत्ता गेली ती गाडी तुमी आलासा तीच काय? नीट गेली."

"म्हंजे?"

"ह्या चढावर दुपारची एक गाडी येती. आवाज येतोय. बाहिर येऊन बगावं तर रस्ता मोकळा. सासू हुती तवर तीबी ऐकायची."

"गेअर बदलल्याला ऐकू येतोय?" आकारामनं विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं. बदलाय लागती आन् मधीच ऱ्हाती. पुढचा आवाज येतच न्हाय."

आकारामनं तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. बुस्टर, वायसर, धुतलेली गाडी. तिला यंत्रातलं समजलं नसावं, पण शेवटचं समजलं. "त्याला गेअर पडला न्हाय. त्याची चूक न्हवती. माझी हुती."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "लोक म्हणत्यात, पिऊन गेला. पोराच्या सोयरिकीत सुदीक त्योच इषय निघाला. पावणं उठून गेलं."

"प्याला न्हवता. माझ्याकडनं च्या पिऊन गेलता."

"मग हे माझ्या दिरासमोर सांगा."

ती उठली, पदर खोचला आणि पुढं चालायला लागली. दिराच्या सोप्यावर त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिथून ती त्याला दूध डेअरीत घेऊन गेली, कारण संध्याकाळच्या दुधाला गावातली माणसं तिथं जमतात. तिथं कॅनांच्या रांगेसमोर उभं राहून त्यानं तेच तिसऱ्यांदा सांगितलं. एकही शब्द कमी केला नाही. ती त्याच्या शेजारी उभी होती आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत होती.  एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, "चौदा वर्सांनी का आलासा?"

"गाडी आत्ता आली," आकाराम म्हणाला.

तेवढ्यात ज्ञानूचा फोन आला. घाट उतरून खाली पोचला होता. "मिस्त्री, लोण्यागत पडत्यात गेअर," एवढं ओरडून त्यानं ठेवला. बाळाबाई फाट्यापर्यंत आली. 'चूक झाली' किंवा 'असू दे', यातलं ती काही बोलली नाही. "बस येईल आता," म्हणाली आणि वळली.

वैनी, तुम्ही विचारलंत ते एवढंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. त्याला त्या घरी जायला नको होतं, आपण अडवायला हवं होतं, असं मला कधी वाटतं. कधी वाटतं, ते करूनच त्याला झोप लागली असेल. माझा कशावरच भरवसा नाही. बसमध्ये दोन तास तो माझ्या शेजारी होता आणि मी त्याला एक शब्द विचारला नाही.

रंकाळा स्टँडवर उतरलो तेव्हा दिवे केव्हाच लागले होते. मला पेठेत चालत जायचं होतं, त्याला रिक्षा बघायची होती.

"तुमाला जेवायला उशीर झाला, आप्पा," तो म्हणाला.

"चालतंय की."

"उद्या येतासा न्हवं?"

"येतो की. दहाला."

"मग येताना लवंगा आणा दहा रुपयाच्या. संपल्यात."

"आणतो."

"बरं, सावकाश जावा."

"व्हय. तुमीबी."